पाणी कोमट यायला हवं

माझ्या मुलीच्या संगणकात पाणी फिरते. हे वाक्य आता मी सहज लिहितो. पण गेल्या मे महिन्यात ते प्रथम ऐकले तेव्हा, फिरते म्हणजे नेमके काय होते, असे मी तिला दोनदा विचारले होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो. विजेच्या उपकरणाजवळ ओला हात नेऊ नये, हे वाक्य माझ्या तोंडून जितक्या वेळा गेले असेल तितक्या वेळा दुसरे कोणतेही गेले नसेल. आणि माझ्याच घरात, जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या मागच्या खोलीत, काचेच्या पेटीत एक यंत्र उभे होते, आणि त्याच्या पोटात वीज आणि पाणी एकमेकांना खेटून वाहत होते.

मुलगी घरूनच काम करते. अजून बांधल्याही न गेलेल्या इमारती आतून कशा दिसतील, त्यांची चित्रे ती तयार करते. खिडकीतून येणारे ऊन, फरशीवर पडलेली त्याची तिरीप, पडद्याची सावली, हे सारे यंत्राला मोजून काढावे लागते आणि एकेका चित्राला कित्येक तास जातात. ते लवकर व्हावे म्हणून तिने प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, कारखान्याने नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालवायला घेतला होता. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, असे तिने सांगितले. वेग वाढवला की उष्णता वाढते. उष्णता शंभर अंशांच्या आसपास पोचली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपणच वेग कमी करतो, आणि मग सगळा खटाटोप व्यर्थ जातो. म्हणून पाणी. प्रोसेसरच्या माथ्यावर तांब्याचा एक चौकोनी ठोकळा बसवलेला असतो. लहानसा पंप त्यातून पाणी फिरवतो. तापलेले पाणी वरच्या रेडिएटरमध्ये जाते, तिथे तीन पंखे त्याची उष्णता काढून घेतात आणि निवलेले पाणी पुन्हा खाली येते.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीइतके हे सोपे होते. मला ते पहिल्याच दिवशी समजले, असे मला वाटले.

अडचण आमच्या उन्हाळ्याची होती. पंखे खोलीचीच हवा फेकणार, आणि दुपारी खोलीचीच हवा बेचाळीस अंशांवर. म्हणून हॉलच्या खिडकीतला कूलर उचलून मागच्या खोलीच्या खिडकीत बसवण्यात आला.

“माणसांनी बाहेर उकडून घ्यायचं आणि मशीनला कूलर,” माझी पत्नी म्हणाली. “तेही तीन पंखे आधीच लावलेल्या मशीनला.”

“आई, तू पण येऊन बस ना इथे.”

“मी इथे बसते. पोळ्या त्या मशीनला लाटायला सांग.”

मुलीला यंत्राची परीक्षा घ्यायची होती. पंपाचा वेग, पंख्यांचा वेग आणि प्रोसेसरचा वेग आलटून पालटून बदलायचे, प्रत्येक वेळी अर्धा तास पूर्ण ताकदीने काम करून घ्यायचे आणि तापमाने टिपायची. टिपायला कोणीतरी हवे होते. मला सुट्टी होती. “पप्पा, तुम्ही लिहाल का? तुमचं अक्षर चांगलं आहे,” ती म्हणाली. शाळेच्या सामानातली एक कोरी वही मी काढली आणि पट्टीने रकाने आखले. त्या उन्हाळ्यातली माझी ती पहिली समाधानाची गोष्ट होती.

पहिल्या दुपारी पंप पूर्ण वेगात होता. कूलरमुळे खोली चौतीस अंशांवर आलेली. ठोकळ्यात शिरणारे पाणी सेहेचाळीस, बाहेर पडणारे सत्तेचाळीस, प्रोसेसर एकोणनव्वद. मी आकडे लिहिले आणि त्यांच्याकडे पाहत राहिलो. मग यंत्राची काच उघडायला सांगून बाहेर पडणाऱ्या नळीला बोट लावले.

“एवढं पाणी धावतंय आणि एकच अंश घेऊन येतंय?” मी म्हणालो. “त्याला उष्णता उचलायला वेळच मिळत नाहीये. पंप हळू कर.”

“हळू केला तर तापेल, पप्पा.”

“करून तर बघ. बाहेर येणारं पाणी कोमट यायला हवं. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाला तसंच करायचो आम्ही.”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि वडिलांच्या समाधानासाठी म्हणून पंप पार खाली आणला. काही मिनिटांत शिरणारे आणि निघणारे पाणी यांतला फरक एका अंशावरून पाच अंशांवर गेला. मी वहीवर पेन्सिल आपटून म्हणालो, “बघ! पाच पट!”

“प्रोसेसर बघा,” ती म्हणाली.

प्रोसेसर सत्त्याण्णववर होता. मग अठ्ठ्याण्णव. मग शंभर, आणि पडद्यावरचा वेगाचा आकडा धापा टाकत खाली यायला लागला.

“पण पाणी तर जास्त उष्णता आणतंय,” मी म्हणालो.

“जास्त नाही आणत. पाच पट गरम आहे, पण पाच पट कमी पाणी आहे. उष्णता तेवढीच येतेय, पप्पा.”

“तेवढीच येतेय, तर मग हा का तापला?”

तिने समजावून सांगितले. जोरात वाहणारे पाणी तांब्याला नेहमी थंडच भेटते. हळू वाहणारे तिथेच तापून बसते, आणि तापलेल्या पाण्यात उष्णता ढकलायची तर मागचे सगळेच अधिक तापावे लागते. मी मान हलवली. माझ्या वर्गात मुले जशी मान हलवतात तशीच ती होती, हे मला हलवतानाच कळले. मी हॉलमध्ये जाऊन, कूलर नसलेल्या त्या खोलीत बसून, वहीच्या शेवटच्या पानावर गुणाकार केला. वस्तुमान, विशिष्ट उष्णता, तापमानातला फरक. तिचेच बरोबर होते. हे सूत्र मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. आणि त्याच तासाला, दरवर्षी, उदाहरण म्हणून मी विहिरीवरच्या इंजिनाची गोष्ट सांगतो: पाणी हळू सोडले की ते जास्त उष्णता उचलून नेते, म्हणून शेतकरी कॉक कमी करून पाणी कोमट येऊ देतो. सूत्र आणि उदाहरण एकाच फळ्यावर, एकमेकांच्या विरुद्ध, इतकी वर्षे शेजारी शेजारी राहिले आणि माझ्या लक्षात आले नाही.

पण मी अस्वस्थ झालो तो या चुकीमुळे नाही. ते सांगायचे तर इंजिनाकडे जावे लागेल.

आमचे शेत शिंदखेडा तालुक्यात. मी तेव्हा अमळनेरला राहून शिकत होतो, आणि बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात घरी आलो होतो. विहिरीवर डिझेलचे इंजिन होते. त्याला थंड ठेवणारे पाणी त्याच्याच पंपातून यायचे: मुख्य पाइपाला एक बारीक नळी जोडलेली, नळीवर पितळेचा कॉक, कॉकला बोटभर लांबीची दांडी. दांडी नळीच्या दिशेने असली की पाणी पूर्ण सुरू, आडवी केली की बंद. ते पाणी इंजिनाच्या अंगातून फिरून दुसऱ्या बाजूने चरीत पडायचे, आणि तिथे हात धरून पाहायचे, की किती गरम येते आहे.

माझे थोरले भाऊ हे सगळे पाहायचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्यांना धुळ्याला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स करायचा होता. अर्ज भरला होता, निवड झाली होती आणि जायला महिनाभरच उरला होता. आबा, म्हणजे आमचे वडील, तयार झाले होते. पूर्ण मनाने नाही, पण तयार झाले होते.

एका दुपारी भुईमुगाला पाणी चालू होते. भाऊ भाकर खायला घरी गेले आणि मला म्हणाले, “देखत ऱ्हा.” बघत राहा, एवढेच. मी चरीतल्या पाण्याखाली हात धरला. पाणी जवळजवळ थंड येत होते. मी नुकताच उष्णतेचा धडा शिकून आलो होतो. माझ्या मनात आले, की एवढे पाणी वाया जाते आहे आणि काहीच घेऊन जात नाही. मी दांडी फिरवली. थोड्या वेळाने पाणी कोमट यायला लागले, मग चांगले गरम; आणि मला आठवते, माझ्यामुळे इंजिनातली उष्णता बाहेर पडते आहे म्हणून मला आनंद झाला. तासाभराने भाऊ आले. मी काही न सांगता कडुनिंबाखाली पुस्तक घेऊन आडवा झालो.

आणखी काही वेळाने इंजिनाचा आवाज जड झाला, एक कण्हल्यासारखा सूर निघाला आणि ते थांबले. पिस्टन आत चिकटला होता; इंजिनाने धरले, असे आमच्याकडे म्हणतात. आबा धावत आले. “इंजिनवर कोन व्हतं?”

“मी व्हतू,” भाऊ म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. मी रिकामा हंडा उचलला आणि पाणी आणायला निघून गेलो.

आबा त्या दिवशी जे म्हणाले, ते पुढे आमच्या घरात रुळले: “याना हातमा इंजिन देऊ नका.” याच्या हातात इंजिन देऊ नका. आयटीआय राहिले. घरचे इंजिन ज्याला सांभाळता आले नाही तो दुनियेची इंजिने काय सांभाळणार, असे आबांनी ठरवले. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. पुढचे वर्ष तसे कधी आले नाही. भाऊ शेतीत राहिले, मी शिकलो आणि शिक्षक झालो. आबांचे ते वाक्य लग्नकार्यांत, पंगतीत, गाडी ढकलायची वेळ आली की, थट्टेने म्हटले जायचे. भाऊ स्वतः हसायचे. मीही हसलो आहे.

इतकी वर्षे मला खात्री होती, की माझ्या हातून ते इंजिन बिघडले. पण ही खात्री मी फारशी उघडून पाहिली नव्हती. आणि आता मुलीच्या खोलीत बसून, पडद्यावरचे आकडे चढताना पाहून, माझ्या मनात एक लबाड आशा उगवली. पंप पार खाली आणला तर प्रोसेसर तापतो, हे खरे. पण मी दांडी कितीशी फिरवली होती? अर्धी? अर्ध्या वेगाला किती तापते?

दुसऱ्या दुपारी मी मुलीला अर्ध्या वेगाची चाचणी घ्यायला सांगितले. प्रोसेसर नव्वद. पूर्ण वेगाहून फक्त एक अंश जास्त. मी तिला पुन्हा घ्यायला लावली. एक्क्याण्णव. माझ्या अंगावरून काहीतरी उतरल्यासारखे झाले, आणि त्याच क्षणी मला स्वतःची लाज वाटली. मग शंका आली, की दांडी अर्ध्याहून जास्त तर फिरवली नव्हती ना. मी चाळीस टक्के मागितले, मग तीस. तिसाला चौऱ्याण्णव. प्रत्येक आकड्याबरोबर माझी आठवणही सरकत होती. आकडा बरा आला की दांडी मला थोडीच फिरवलेली आठवायची, आकडा वाईट आला की जवळजवळ आडवी दिसायची. माझी आठवण वहीतल्या रकान्याच्या मागे चालते आहे, हे मला दिसत होते, आणि तरी मी मोजणे थांबवू शकत नव्हतो.

चौथ्या दुपारी मुलीने हात थांबवले.

“पप्पा, हे आकडे माझ्या काहीच कामाचे नाहीत. मी पंप कधीच एवढा हळू चालवणार नाही. तुम्ही नक्की काय शोधताय?”

मी तिला सांगितले. पत्नीलाही कधी सांगितले नव्हते, ते मी माझ्या मुलीला, कूलरच्या आवाजापेक्षा थोडेसेच मोठ्याने सांगितले. ती खुर्चीत मागे टेकली. मग म्हणाली, “याचं उत्तर या मशीनमध्ये नाहीये. त्या इंजिनात काय होतं, पाण्यात क्षार किती होते, नळी किती चोंदली होती, मला काय माहीत? मोठ्या बाबांना विचारा ना.”

“विचारू काय?”

“विचारू नका मग. सांगा.”

दोन दिवसांनी मी सकाळच्या एसटीने निघालो. धुळ्याला गाडी बदलावी लागते. धुळ्याच्या स्टँडवर शिंदखेड्याची गाडी लागेपर्यंत मी बाकावर बसून होतो, आणि मला एक साधीच गोष्ट सुचली: भाऊंना त्या वर्षी याच स्टँडवर उतरायचे होते. पत्र्याची पेटी त्यांनी रंगवूनही ठेवली होती. ती पेटी पुढे मी अमळनेरला नेली. हे मी विसरलो नव्हतो. पण मला ते कधी आठवलेही नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, ते मला कळत नाही.

भाऊ अंगणात ठिबकच्या नळ्या पसरून बसले होते. गावात कोणाची मोटार अडली, कोणाचे ठिबक तुंबले, की लोक त्यांच्याकडेच येतात. माणूस साठीचा, पण बोटे तशीच चपळ.

“इतला उनमा कसाले उना रे नाना?” ते म्हणाले. एवढ्या उन्हात कशाला आलास; घरात मी नाना. “एक फोन तरी करता.”

“भाऊ, ते जुनं इंजिन आहे का अजून?”

“शे ना. ते कोठे जाई?” त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. “इकत लेवानं शे का तुले?”

आम्ही विहिरीकडे गेलो. नव्या मोटारीच्या खोलीमागे, पत्र्याच्या तुकड्याखाली ते इंजिन होते. आबांनी ते मोडीत दिले नाही, आणि पुढे कोणी तो विषय काढला नाही. अर्धे चाक मातीत गेले होते. मी गुडघ्यावर बसलो, बारीक नळी शोधली, रुमालाने कॉकवरची माती पुसली.

दांडी नळीच्या दिशेने होती. पूर्ण उघडी.

मी ती हलवून पाहिली. गंजून, क्षार धरून ती जागच्या जागी बसली होती. नखभरही सरकली नाही.

“भाऊ, याला नंतर कोणी हात लावला होता?”

“कोन लाई? मिस्तरीनी वरलं डोकं खोलं, तितलंच. खाले कोनी हात नही लावा.”

“मी ही बंद केली होती,” मी म्हणालो. “त्या दिवशी तुम्ही भाकर खायला गेलात तेव्हा. पूर्ण नाही, पण बरीचशी. पाणी कोमट यावं म्हणून. आणि मी ते कोणालाच सांगितलं नाही. आबांनी विचारलं तेव्हाही नाही.”

घरी आल्यावर मी घरच्या बोलीतच बोलतो. त्या दिवशी मात्र तोंडातून शाळेचीच मराठी येत होती, आणि ही वाक्ये तर सर्वांत जास्त. एखाद्या अर्जातल्यासारखी.

भाऊंनी इंजिनाच्या चाकावर पाय ठेवला. “माले माहीत शे,” ते म्हणाले. “तू निंबखाले गया. मी पाणीले हात लावा, चटका बसना. देखं ते दांडी आडी. लगेच उघाडी दिधी.”

“तुम्ही उघडली?”

“मंग? मीच उघाडी.”

“म्हणजे ते माझ्यामुळे बिघडलं नाही?”

मी हे किती घाईने विचारले, ते मला अजून ऐकू येते.

“आसं कोन म्हने?” भाऊ म्हणाले. “घंटाभर तपेल व्हतं, त्यामुळे धरं व्हयी. तपेल इंजिनले मी एकदम थंड पाणी दिधं, त्यामुळेबी धरं व्हयी. नहीते आधीपासूनच आत खराब व्हतं. माले काय माहीत रे? मिस्तरीलेबी समजनं नही.”

मी तिथेच बसून राहिलो. जे मला इतकी वर्षे माहीत होते ते आता कोणालाच माहीत नव्हते. माझा अपराध कमी झाला का वाढला, हे मला ठरवता येईना. त्याला बसायला जागाच उरली नव्हती. आणि मग जो प्रश्न मी विचारायला नको होता, तो मी विचारला.

“मग तुम्ही आबांना का नाही सांगितलं? मी फिरवली होती म्हणून?”

भाऊंनी पत्र्याचा तुकडा उचलून इंजिनावर सारखा केला.

“मी तुनी वाट पाही,” ते म्हणाले. “दोन दिन. तू सांगशी म्हनीसन. तिसरा दिन तू अमळनेरले चालना गया.”

त्यात राग नव्हता. आवाजही नेहमीचाच होता. माझ्याच्याने वर पाहवले नाही. दांडी किती अंशांतून फिरली याच्या मागे मी चार दुपारी आणि एक वही घालवली होती, आणि ज्याचे मोजमाप करायला काहीही लागत नव्हते ते हे होते: दोन दिवस.

घराकडे परतताना त्यांनी पुतणीच्या यंत्राची चौकशी केली. तिनेच कधीतरी फोनवर सांगितले होते. मी त्यांना पंपाचे, पाण्याचे, प्रोसेसरचे आकडे सांगितले. त्यांनी एकदाच विचारले, “पाणी तेच ते फिरस का?” मी हो म्हणालो. “मंग पंप जोरमा चालू दे म्हना. पाणी कमी करं का बिघडी.”

“पण आपण तर इंजिनाला पाणी कोमट येऊ द्यायचो.”

“ते इंजिन गार पडाले नको म्हनीसन. आनि हातले समजाले सोपं पडस. कोमट पाणी म्हनजे इंजिन थंड शे, आसं थोडीच शे?”

मला जे समजायला गुणाकार करावा लागला, ते त्यांनी बांधावरून चालता चालता सांगितले.

दुपारच्या जेवणाला वहिनींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि वांग्याचे भरीत केले होते. भाऊंचा मुलगा आणि सूनही बसले होते. मुलाने विषय काढला, की वरच्या वावरातली मोटार अडकते आहे, उद्या विहिरीत उतरून बघावे लागेल. वहिनी तव्यावरून न वळता म्हणाल्या, “तुना बापले उतरू दे, पन मोटार त्यासना हातमा देऊ नका.” सगळे हसले. सूनही हसली, तिने तर आबांना पाहिलेलेही नाही. भाऊ हसले आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“वहिनी,” मी म्हणालो, “त्या दिवशी इंजिनवर मी होतो.”

कोणाला कळेना, कोणत्या दिवशी. मग कळले. वहिनी वळल्या.

“भाऊ घरी आले होते जेवायला. मी कॉक फिरवला, आणि आबांनी विचारलं तेव्हा गप्प राहिलो. इंजिन कशामुळे बिघडलं ते भाऊंनाही ठाऊक नाही, मलाही नाही. पण भाऊंचं नाव आलं ते मी बोललो नाही म्हणून आलं.”

वहिनींनी भाऊंकडे पाहिले. भाऊ ताटाकडे पाहत होते.

“मंग इतला वरीस कसाले गप ऱ्हायनात?” वहिनींनी मला विचारले. त्यांच्या आवाजात थट्टा उरली नव्हती.

“आधी आबांची भीती होती,” मी म्हणालो. पुढे काहीतरी बोलायचे होते. पण आबा जाऊनही आता बरीच वर्षे झाली आहेत, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होते, आणि माझे वाक्य तिथेच थांबले.

तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला. सुनेने उठून ती काढली. वहिनी अजून माझ्याकडेच पाहत होत्या, आणि त्यांनी पाहणे सोडू नये असे मला वाटत होते. का, ते सांगता येत नाही.

“जेव आते,” भाऊ म्हणाले. “भरीत थंडं व्हई ऱ्हायनं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आणि त्यांचा मुलगा विहिरीत उतरले. कोणीतरी वर थांबायला हवे होते, मोटारीच्या खोलीत, बटणाजवळ. खालून हाक आली की चालू, हाक आली की बंद. मी थांबतो म्हणालो. भाऊ पायऱ्या उतरत होते. ते अर्ध्यावर थांबले आणि त्यांनी मुलाला, विहिरीत घुमेल अशा आवाजात सांगितले,

“देख रे, बटनजवळ तुनी काकी नहीते तुनी माय उभी कर. तुना काकाना हातमा इंजिन देऊ नका.”

काकी, म्हणजे माझी पत्नी, जळगावला होती. वहिनी बांधावर होत्या. त्यांना हसू आले, पण त्यांनी ते पदराआड घेतले. मुलगा खालून हसला. मीही हसायला गेलो. आबांचे वाक्य इतक्या वर्षांनी आपल्या जागी आले होते. पण भाऊंनी ते मला परत केले, की थट्टेत माझा भार हलका करून पुन्हा एकदा स्वतःकडेच ठेवले, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना, कारण तो चेहरा तोवर विहिरीच्या सावलीत गेला होता. खालून हाक आली, “नाना! चालू कर!” मी बटण दाबले आणि बोट तिथेच ठेवून उभा राहिलो.